तटाआड नांदती शहरं

माद्रिदच्या वायव्येला, रेल्वेने दीड-दोन तासांवर आविला नावाचं छोटं शहर आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ११३० मीटर. भोवती ग्रॅनाइटचे धोंडे विखुरलेलं उघडंबोडकं पठार, आणि त्यावर शहराला चहूबाजूंनी कवेत घेणारा सलग तट. घेर अडीच किलोमीटर, बुरूज ८७, दरवाजे ९, उंची साधारण १२ मीटर आणि जाडी ३ मीटर. गडकोट पाहत वाढलेल्या मराठी माणसाला तट काही नवा नसतो. पण इथे तटाच्या आत शाळा भरते, भाजी विकली जाते, म्हातारी माणसं उन्हाला बसतात. हे पाहायलाच आम्ही दोघं स्पेनला गेलो होतो.

सहल आखतानाच ठरवलं होतं की फक्त तटबंदीची शहरं पाहायची आणि प्रत्येक ठिकाणी मुक्काम करायचा. आविला, सेगोव्हिया आणि तोलेदो ही तिन्ही माद्रिदहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येण्याजोगी आहेत, आणि बहुतेक पर्यटक तसंच करतात. पण दुपारच्या बसगाड्या परतल्या की गाव मोकळं होतं आणि मग ते खरं दिसू लागतं.

आविलाच्या तटाची सुरुवात परंपरेने १०९० सालची मानतात, बरंचसं बांधकाम बाराव्या शतकातलं आहे. पूर्वेला जमीन सपाट, म्हणजे शत्रू यायचा तो याच बाजूने. त्यामुळे सान व्हिसेन्ते आणि अल्कासर हे दोन्ही सर्वांत भक्कम दरवाजे इथेच आहेत. दरवाज्याच्या दोन्ही अंगांना सुमारे २० मीटर उंचीचे जुळे बुरूज, आणि त्यांना जोडणारी कमान. सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेला माझा नवरा ते पाहून तिथेच थबकला. ‘‘बघ, दरवाजा दोन बुरुजांच्या कचाट्यात धरलाय,’’ तो म्हणाला.

तिथून तटाला हात लावत चालावं. दगड एकसारखे नाहीत. ओबडधोबड ग्रॅनाइटमध्ये मधेच एखादा घडीव, कडा गोलसर केलेला दगड लागतो. रोमन काळातल्या थडग्यांचे हे दगड बांधणाऱ्यांनी सरळ तटात चिणले. पुढे तर तटातून एक मोठा अर्धवर्तुळाकार बुरूज बाहेर आला आहे, आणि तो आहे गावच्या कॅथेड्रलची पाठ. आतल्या बाजूला तिथेच मुख्य वेदी आहे, माथ्यावर मात्र चर्या आणि पहाऱ्याची वाट. आत गेलं की वेदीमागचे खांब आणि कमानी पांढऱ्या दगडावर लाल-तांबडे फराटे ओढल्यासारख्या दिसतात. शेजारच्याच खाणीतला हा दगड. खिडकीतून ऊन आलं की तो लाल रंग पेटून उठतो.

तिकीट काढून तटाच्या फांजीवरून सुमारे पावणेदोन किलोमीटर चालता येतं. एका हाताला कौलारू छपरं, परसदारं, घंटाघरांवरची करकोच्यांची घरटी. दुसऱ्या हाताला पठार आणि लांबवर डोंगररांग.

आविला हे संत तेरेसाचं गाव. १५१५ मध्ये जन्मलेली ही बाई पुढे कार्मेलाइट जोगिणींच्या पंथात सुधारणा घडवणारी आणि स्पॅनिश गद्याची मोठी लेखिका झाली. १९७० मध्ये कॅथलिक चर्चने ‘आचार्य’ ही पदवी स्त्रियांपैकी सर्वप्रथम दिली ती तिलाच. लहानपणी भावाचं बोट धरून ती धर्मासाठी प्राण द्यायला घरातून पळाली होती. आदाखा नदीपलीकडच्या चार खांबांच्या चौथऱ्यापाशी काकाने दोघांना गाठलं, असं गाव सांगतं. पूर्ण तट एका नजरेत दिसतो तो याच चौथऱ्यावरून. तिने पत्करलेला मठ आणि १५६२ मध्ये स्वतः स्थापलेला मठ, दोन्ही तटाच्या बाहेर आहेत. पण १५७७ मध्ये तिने आत्म्यावर ग्रंथ लिहिला, तो आत्मा सात दालनांचा किल्ला आहे अशी कल्पना करून. तोलेदोत सुरू केलेला हा ग्रंथ तिने आविलात पूर्ण केला. हा तट पाहिला की ती कल्पना कोणत्या मातीतून उगवली ते उमगतं. तिच्या नावाची मिठाईही इथे मिळते: अंड्याचा पिवळा बलक साखरेच्या पाकात आटवून वळलेल्या लहान गोळ्या, कागदी वाट्यांमधून.

सेगोव्हियात एका टोकाला चुन्याशिवाय रचलेला, २८ मीटर उंचीचा रोमन जलसेतू आणि दुसऱ्या टोकाला अल्कासर, म्हणजे राजांचा किल्ला. १४७४ मध्ये इसाबेल कास्तीलची राणी म्हणून घोषित झाली ती याच गावात. तोलेदोला ताहो नदीने तीन बाजूंनी वळसा घातला आहे, त्यामुळे तटाचा मुख्य भार उरलेल्या उत्तर बाजूवर. आत मशीद, सिनेगॉग आणि चर्च हाकेच्या अंतरावर.

शेवटचा मुक्काम गालिसियातलं लुगो. इथला तट तिसऱ्या शतकातला, रोमनांचा, आणि २.१ किलोमीटरचा त्याचा पूर्ण घेर आजही उभा आहे. माथा इतका रुंद की चार-पाच माणसं शेजारी-शेजारी चालावीत, आणि तिकीट नाही. संध्याकाळी सारं गाव वर येतं: बाबागाड्या ढकलणारे आईबाप, धावणारी मुलं, कुत्री फिरवणारे आजोबा. आम्हीही त्या फेरीत मिसळलो आणि मग खाली उतरून पेयासोबत फुकट मिळणाऱ्या चटकमटक बश्यांवर जेवण उरकलं.

तोफा आल्या आणि तटांचं संरक्षणाचं काम संपलं. एकोणिसाव्या शतकात शहरं फुगली तसे तट पाडले गेले. बार्सिलोनाने १८५४ मध्ये पहार लावली. आविलात तट कामाचाच राहिला: दरवाज्यावर मालाची जकात घेतली जाई, साथ आली की दरवाजे बंद होत. त्यात गावाची भरभराट ओसरली होती, तट ओलांडून पसरण्याची घाईच नव्हती. १८८४ मध्ये तो राष्ट्रीय स्मारक झाला, १९८५ मध्ये जागतिक वारसा. लुगोला तो मान २००० मध्ये मिळाला, आणि तिथल्या लोकांनी तटाचा रोजचा रस्ताच करून टाकला. जुनी वास्तू टिकवायची तर लोकांचं तिच्यावाचून अडलं पाहिजे, हे या दोन गावांकडून शिकावं.

जायचं तर वसंतात किंवा शरदात जा, आविलाचा हिवाळा बोचरा असतो. प्रत्येक शहरात निदान एक रात्र राहा. सकाळी तट पाहा आणि संध्याकाळी गावकऱ्यांसोबत फेरी मारा. तटामागचं गाव कळायला हवं असेल, तर ही दुसरी भेट चुकवू नका.