झडपेजवळची चकती

"श्वास घ्या. सोडा. आता घेऊ नका." एमआरआयच्या काचेअलीकडून तंत्रज्ञबाई माइकवर हे इतक्यांदा सांगतात की बाहेर बसलेले आपणही नकळत श्वास रोखतो. श्वास सोडूनच थांबायचं, कारण तेव्हा छाती-पोटामधला पडदा दर वेळी जवळपास त्याच जागी येतो.

आत आहे विशीतला तरुण. फॅलोच्या हृदयविकाराची शस्त्रक्रिया लहानपणीच झालेली. अशा शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप बहुधा गळते, परतलेल्या रक्तानं उजवा निलय, म्हणजे हृदयाचा खालचा उजवा कप्पा, वर्षानुवर्षं फुगत जातो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे तो १५० ते १६० मिलिलिटरच्या आसपास पोचला, की नव्या झडपेचा विचार सुरू होतो.

छातीवरच्या ईसीजीच्या तालावर यंत्र हृदयाचे आडवे छेद घेतं: निलय आणि त्यावरचा कप्पा, अलिंद, यांच्यामधल्या झडपेपासून टोकापर्यंत दहा-बारा, प्रत्येक ८ मिलिमीटर जाड. एका ठोक्याच्या पंचवीस-तीस चौकटी.

खरं काम पुढे, अंधाऱ्या खोलीत. पूर्ण भरलेल्या आणि पूर्ण आकसलेल्या चौकटीत डॉक्टर आतली कड आखतात. प्रत्येक छेदाची एक चकती: क्षेत्रफळ गुणिले जाडी (मधल्या फटीसकट), मग सगळ्यांची बेरीज. डावा निलय गोल, त्याची कड संगणक बऱ्यापैकी ओळखतो. उजवा मात्र चंद्रकोरीसारखा, आत स्नायूंच्या जाळ्या. तिथे संगणकावर फार भिस्त ठेवू नये.

घोळ होतो तो अलिंद-निलयामधल्या झडपेजवळ. हृदय आकसताना झडपेची पातळीच टोकाकडे सरकते. मघाशी जिथे निलय होता, त्याच छेदात आता अलिंद दिसतं. ही चकती मोजायची की सोडायची? ती २५ चौरस सेंटिमीटरची असेल आणि जाडी व मधली फट मिळून एक सेंटिमीटर, तर एका निर्णयात २५ मिलिलिटर इकडचे तिकडे. अहवालात छापला जाणारा आकडा इतका ठाम दिसतो, की त्यामागचा हा हात कुणाच्या ध्यानात येत नाही.

पडताळा असतो. उजव्या निलयानं ढकललेल्या रक्तातून फुप्फुसाकडच्या झडपेची गळती वजा केली, की डाव्यानं ढकललेलं रक्त उरायला हवं. दुसरीकडे कुठे गळती वा छिद्र नसेल तर. महाधमनीतला प्रवाह वेगळा मोजून तेही ताडता येतं. जमलं नाही तर पुन्हा वरची चकती उघडायची.

आणि जुना स्कॅन असेल, तर त्याचा छापील आकडा डॉक्टर तसाच घेत नाहीत. दोन्ही स्कॅन शेजारी लावून, एकाच नियमानं, पुन्हा आखतात. एरवी निलय वाढला की रेघ सरकली, हे कळणार कसं?