लेकीचा बर्लिनचा फोटो

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक जर्मनीत लाइपझिगला शिकते. २०२५मध्ये तिचा मैत्रिणींसोबत बर्लिनला काढलेला फोटो आला आणि ताई बिथरल्या, "मी इथं हप्ते फेडते, अन् ही तिकडं फिरते?" मग आम्ही फोन लावून हिशोबच विचारला.

व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवलेले. त्यातले महिन्याला ९९२च हातात येतात. भाडं, विमा, किराणा त्यातच. मग प्रवास? तिथं तेव्हा ५८ युरोंचा मासिक पास होता. त्यावर देशभर साध्या गाड्या, शहरातल्या बस, मेट्रो चालतात. जलद गाडी नाही. जलद गाडीला सव्वा तास, या पोरींना दुप्पट लागला. पण पास रोजच्यासाठी काढलेलाच होता, म्हणून वेगळं तिकीट नाही. मुक्काम होस्टेलात, एका खोलीत आठ खाटा. डबा घरचा, पाणी नळाचं. संसदेचा काचेचा घुमट फुकट पाहिला, फक्त नाव आधी नोंदवावं लागतं. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानात परत दिली की २५ सेंट मिळतात, तेही सोडले नाहीत!

चौघींचा खर्च एकीच्या मोबाईलवर मांडलेला, अगदी आपल्या गटाच्या वहीसारखा. ताईंनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "डब्याला चटणी पाठवायला हवी."