तळ्याच्या गाळात नाणे सापडले तर?

चैत्र-वैशाख आला की गावाशेजारचे जुने तळे आटते. भेगाळलेल्या तळाशी जेसीबी आणि ट्रॅक्टर उतरतात आणि गाळ रानोरान जाऊ लागतो. २०१७ साली राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली, तेव्हापासून या कामाला जोर आला. हलक्या, मुरमाड रानाला हा गाळ म्हणजे सोनेच. पण कधीकधी त्यातून वेगळेच काही निघते. हिरवा पडलेला तांब्याचा गडू, एखादे जोडवे, काळवंडलेले नाणे. बातमी पारावर पोचते आणि चार दिवसांत कुणाचा तरी पाहुणा धातुशोधक यंत्र घेऊन तळ्यात फिरू लागतो. अशा वेळी आपण काय करावे, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

यंत्र सांगते काय?

नाशिकच्या गोदाघाटावर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी पोरे पुष्कळांनी पाहिली असतील. त्या चुंबकाला अलीकडची पोलादी नाणी चिकटतात. सोने, रुपे, तांबे मात्र चिकटत नाही. धातुशोधक यंत्राचे काम निराळे. त्याच्या दांड्याच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की जमिनीत चुंबकीय लहरी जातात. खाली कोणताही धातू असला की त्यात बारीक वीज खेळू लागते, ती उलट उत्तर देते आणि यंत्र आवाज करते.

ऐकायला हे सोपे वाटते. पण आपली काळी जमीन काळ्या पाषाणाची बनलेली आहे. तिच्यात लोहाचे चुंबकीय कण असतात आणि त्यांनी यंत्र फसते. शिवाय गावच्या तळ्यात पिढ्यान्‌पिढ्या बैल धुतले, गाड्या उतरवल्या. त्यामुळे दहा वेळा आवाज झाला तर बहुतेक वेळा बैलाची पत्री, गाडीच्या धावेचा तुकडा, खिळा किंवा बाटलीचे झाकणच हाती येते. नाणे निघालेच, तरी ते कुणाच्या काळचे आणि तेथे कसे आले, हे यंत्राला सांगता येत नाही. ते सांगते ती आजूबाजूची माती.

जोगलटेंभीचे रुपे

याचा मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. एकदोन नव्हे, तेरा हजारांहून अधिक नाणी! ती क्षहरात घराण्यातील राजा नहपान याची होती. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि कडेने अक्षरे. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला होता. त्यावर डोंगरासारखे चैत्यचिन्ह होते आणि नाव होते गौतमीपुत्र सातकर्णीचे.

याचा अर्थ काय? नाशिकच्या पांडवलेण्यांत तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख कोरलेला आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला, असे त्यात म्हटले आहे. आईने मुलाची थोरवी गायली तर तिला पुरावा काय, असे कुणीही विचारील. तो पुरावा जोगलटेंभीच्या मातीत होता. हरलेल्या राजाची नाणी जिंकलेल्या राजाने आपला ठसा मारून पुन्हा चालवली होती.

त्याच डोंगरात दहा क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसरीकडे एक हजार शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. भिक्षूंच्या अन्नासाठी चार हजार कार्षापणांना एक शेतही विकत घेतले. म्हणजे आपल्या भागातली शेतजमीन, व्याज आणि नाणे यांचा हिशेब जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीपासून दगडावर लिहिलेला आहे.

आता विचार करा. हा साठा गुपचूप आटणीत गेला असता, तर घरधन्याला चार पैसे मिळाले असते. बाकी सारे धुरात गेले असते.

दायमाबादचा धडा

शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तेथे एक भिल्ल शेतकरी झाडाचे खोड खणून काढत होता. त्याला चार ओतीव मूर्ती मिळाल्या. बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चौघांचे मिळून वजन साठ किलोच्या वर. भंगाराच्या भावाने गेल्या असत्या, तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्या वाचल्या आणि साऱ्या देशाच्या ठेव्यात जमा झाल्या.

पण एक उणीव राहिलीच. त्या मातीच्या कोणत्या थरात होत्या, याची नोंद त्या वेळी झाली नव्हती. पुढे तेथे रीतसर उत्खनन झाले, तरीही त्या मूर्ती नेमक्या किती जुन्या यावर विद्वानांचा वाद झाला. वस्तू उचलली की तिची साक्ष अर्धी पुसली जाते, ती अशी.

कायदा काय म्हणतो?

‘सरकारला कळवले की सगळे जाते,’ अशी आपल्याकडे समजूत आहे. म्हणून माणसे लपवतात आणि अडकतात. १८७८ चा निखात निधी कायदा काय सांगतो ते पाहा. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. काय सापडले, अंदाजे किंमत किती, कोठे आणि कोणत्या तारखेला, एवढे लिहायचे. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागतील तेव्हा हजर करण्याबद्दल जामीन द्यायचा. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढून चौकशी करतात. कुणी खरा धनी निघाला नाही, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. दोघांत आधी काही करार असेल, तर त्याप्रमाणे वाटणी होते. सरकारला ती ठेव स्वतःकडे ठेवायची असेल, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम हक्कदारांना द्यावी लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या शेतात मजुराच्या कुदळीला ठेव लागली, तर सापडणारा तो आहे. त्याचा वाटा मोठा आहे. त्याला दटावून गप्प बसवणारा मालक आपणही गुन्ह्यात सापडतो. न कळवणाऱ्याचा वाटा तर जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शंभर वर्षांवरील पुराणवस्तूंच्या विक्रीवर १९७२ च्या कायद्याची बंधने आहेत. संरक्षित लेणी, गड आणि मंदिरे यांच्या हद्दीत परवान्यावाचून खणणे हा गुन्हाच आहे.

सापडले तर एवढे करा

खणणे तेथेच थांबवा. जागेला खूण करा, मोबाइलवर चित्र काढा आणि तारीख लिहून ठेवा. गाळ ट्रॉलीतून शेतात गेला असेल, तर तो तळ्याच्या कोणत्या कडेचा होता हेही लिहा.

वस्तू घासू नका. आपल्या घरात पितळेला चिंच आणि राख लावायची सवय असते. नाण्याला ती लावली की अक्षरे झिजतात आणि नाणे मुके होते. माती तशीच ठेवून कागदात गुंडाळा.

पोलीस पाटील किंवा तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) यांना सांगा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलेल्या अर्जाची पोच घ्या.

देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्या सराव-क्षेत्राच्या बाजूला लोखंडी नळकांडे मिळाले, तर भंगार समजून हात लावू नका. तो न फुटलेला गोळा असू शकतो. दूर व्हा आणि पोलिसांना कळवा.

आणि गुप्तधन दाखवतो म्हणणाऱ्या मांत्रिकाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. गुप्तधनासाठी चालणाऱ्या अघोरी प्रकारांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षा आहे.

त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला जाताना वाटेत अंजनेरीला मुद्राभ्यासाची एक संस्था लागते. १९८० साली ती सुरू झाली. तेथे नाण्यांचे संग्रहालय आहे. पुढच्या खेपेला मुलांना घेऊन तेथे जरूर उतरा. आपल्या गाळातही असा एखादा तुकडा असू शकेल, हे पाहिले म्हणजे ट्रॉली भरताना पोरांची नजर आपोआप मातीवर राहील, आणि काही मिळाले तर ती लपवण्याऐवजी हाक मारतील.