पात्याच्या पोटात

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी होतात. तिथे आधी पत्रा तयार होतो आणि मग भांडं. पत्रा हलका निघाला तर बहुतेक वेळा प्रेसखालीच फाटतो आणि दोष तिथल्या तिथे कळतो. पवनचक्कीचं पातं बनवणाऱ्याला ही सोय नाही. तो साच्यात काचतंतूंचं कापड थरावर थर अंथरतो, मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम ठेवतो, वरून प्लास्टिकचं आवरण घालून हवा खेचून घेतो आणि त्या निर्वातात इपॉक्सी रेझिन शिरू देतो. रेझिन घट्ट होताना साहित्य आणि वस्तू एकाच वेळी जन्माला येतात. कापडाला सुरकुती पडली, कुठे रेझिन पोहोचलंच नाही, तर तो दोष तिथेच गोठतो. पुढे दोन कवचं चिकटवून वर रंग बसला की बाहेरून सगळी पाती सारखीच देखणी. म्हणून एक पातं तपासून शंभर पात्यांची हमी देता येत नाही. प्रत्येकाच्या पोटात डोकवावं लागतं, आणि तेही न कापता.

दोष लहान असला तरी त्याला मिळणारी शिक्षा मोठी असते. मिनिटाला 15 फेरे धरले आणि चक्की अखंड फिरली, तर 20 वर्षांत 15 कोटींहून जास्त फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात पात्याचं स्वतःचंच वजन त्याला एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला वाकवतं. पुण्यात मुख्यालय असलेल्या, पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉनने याची किंमत मोजली. अमेरिकेतल्या एस-88 चक्क्यांच्या पात्यांना तडे दिसल्यावर 2008 मध्ये कंपनीने 1,251 पाती मजबूत करण्याचं काम जाहीर केलं.

पातं न कापता आत पाहण्याचा एक मार्ग म्हणजे क्ष-किरण. त्यांचं तत्त्व 1895 पासून जगाला ठाऊक आहे. वाटेत जितका घन आणि जाड पदार्थ, तितके किरण अडतात. काच जास्त अडवते, रेझिन कमी, हवा जवळजवळ नाहीच. त्यामुळे चिकटवण्याच्या जाड पट्ट्यातली पोकळी, सरकलेली आतली आधारभिंत, रेझिनविना राहिलेला कोरडा भाग चित्रात उमटतो. आकाशातून पडलेल्या विजेचा प्रवाह टोकापासून मुळापर्यंत नेणारी धातूची तार तर लख्ख दिसते. ती तुटली किंवा जागेवरून हलली असेल तर पावसाळ्याआधी कळणं फार मोलाचं आहे, कारण वीज पडली की पातं फाटू शकतं.

पण क्ष-किरणांवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. दोन थर एकमेकांपासून सुटले आणि मधली फट कागदाइतकी बारीक असली, तर किरणांच्या वाटेत जाडीचा फरक जवळपास पडत नाही आणि चित्र निर्दोष दिसतं. ती फट ध्वनिलहरी पकडतात. सुरकुतीचंही तसंच. वरून किरण टाकले तर ती सहज निसटते, कडेच्या बाजूने किंवा तिरकस कोनातून पाहावं लागतं. कार्बनतंतू वापरलेल्या पात्यात अडचण वाढते, कारण कार्बन आणि रेझिन किरणांना जवळपास सारखेच अडवतात. शिवाय एका बाजूला किरणांचं यंत्र आणि दुसऱ्या बाजूला डिटेक्टर ठेवावा लागतो. पातं जमिनीवर असेल तर ते जमतं. उंच मनोऱ्यावर, वाऱ्यात, फार कठीण.

आणि माणसांची सुरक्षा. मुंबईत अणुशक्तीनगरला असलेलं अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 पासून किरणांच्या अशा वापरावर देखरेख ठेवतं. सामान्य माणसासाठी वर्षाला 1 मिलीसिव्हर्ट किरणोत्सार ही मर्यादा आहे, म्हणून काम चालू असताना भोवतालचा परिसर दोर बांधून रिकामा ठेवतात. क्ष-किरण यंत्राचा एक मोठा गुण असा की बटण बंद केलं की किरण बंद. वेल्डिंग तपासायला वापरतात त्या किरणोत्सारी इरिडियम-192 ला बंद करता येत नाही. 74 दिवसांत त्याची तीव्रता निम्मी होते, पण त्यानंतरही ते जाड कवचातच सांभाळावं लागतं. काचतंतूंचं पातं धातूपेक्षा हलकं असल्याने त्याला कमी ऊर्जेचे क्ष-किरण पुरतात, आणि तेच योग्यही.

महाराष्ट्रात हा विषय आता लांबणीवर टाकता येणार नाही. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या जलाशयावरच्या वनकुसवडे पठारावरच्या जुन्या चक्क्यांची 20 वर्षं उलटून गेली आहेत. केंद्र सरकारने 2023 मध्ये जुन्या चक्क्या बदलण्याचं आणि आयुष्य वाढवण्याचं धोरण आणलं. नुसत्या दुर्बिणीने आणि ड्रोनने वरचा रंग पाहून आयुष्य वाढवणं मला पटत नाही. निदान खाली उतरवलेल्या जुन्या पात्यांचे तुकडे क्ष-किरणांच्या त्रिमितीय स्कॅनमधून पाहावेत. मग सह्याद्रीच्या पावसात आणि वाऱ्यात वीस वर्षं काढलेलं साहित्य आतून नेमकं कसं थकतं, याची आपली स्वतःची नोंद तयार होईल, आणि अजून उभ्या असलेल्या पात्यांत नेमकं कुठे पाहायचं ते तपासनीसाला कळेल.