पोहण्याच्या तलावाचं पाणी : आधी अल्कलिनिटी, मग पीएच

महाडपासून पोलादपूरच्या घाटपायथ्यापर्यंत, सावित्रीच्या खोऱ्यात आता फार्महाऊस म्हटलं की पोहण्याचा तलाव आलाच. त्यात क्लोरीन टाकावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो क्लोरीन कामाला येतो की वाया जातो, हे ठरतं दोन आकड्यांवर. पीएच, म्हणजे माती परीक्षणाच्या कागदावर दिसणारा सामू, पाणी आम्ल आहे की अल्क ते सांगतो. अल्कलिनिटी सांगते की आम्ल पडलं तर ते पचवायला पाण्यात किती बायकार्बोनेट शिल्लक आहे. पीएच 7.2 ते 7.8 आणि अल्कलिनिटी 80 ते 120 पीपीएम असावी. दुसरा आकडा सांभाळला की पहिला फारसा त्रास देत नाही. बहुतेक घोळ होतात ते हा क्रम उलटा धरल्यामुळे.

गैरसमज : तळ स्वच्छ दिसतोय, म्हणजे पाणी चांगलं.

वस्तुस्थिती : जंतू मारणारा क्लोरीन म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. पाण्यात टाकलेल्या क्लोरीनपैकी किती भाग या रूपात राहतो, ते पीएचवर ठरतं. 7.2 ला सुमारे दोन तृतीयांश, 7.5 ला निम्मा, आणि 8 ला जेमतेम पाव. म्हणजे पीएच 8 झाला की तेवढीच पावडर टाकून काम निम्म्याहून कमी होतं. पाणी त्या दिवशी नितळच दिसतं. शेवाळ धरतं ते नंतर.

गैरसमज : पावसाचं पाणी शुद्ध, त्याने काय बिघडणार? बिघडलंच तर ते एमआयडीसीच्या धुरामुळे.

वस्तुस्थिती : कारखाना नसलेल्या रानातला पाऊसही किंचित आम्लच असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा पीएच साधारण 5.6 होतो. हे आम्ल अगदी सौम्य असतं. खरं नुकसान वेगळंच आहे : पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ शून्य असते.

आता हिशोब मांडू. तलाव 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सरासरी खोली 1.4 मीटर. पाणी झालं सुमारे 45 हजार लिटर. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. महाडला वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. 3,000 धरले तरी या तलावात 96 हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे तलावाच्या दुपटीहून जास्त. ते मिसळत जातं आणि काठावरून वाहून जातं. मे महिन्यात 100 पीपीएम असलेली अल्कलिनिटी, मध्ये काहीच टाकलं नाही, तर पावसाळ्याअखेर 12 च्या आसपास उरते. मग पीएच थाऱ्यावर राहत नाही. क्लोरीनच्या एका गोळीने तो खाली कोसळतो, मूठभर धुण्याच्या सोड्याने वर उडी मारतो. पाणी आम्ल झालं की फरशांच्या सांध्यातलं सिमेंट खातं आणि शिडीला गंज चढतो.

गैरसमज : सोडा तो सोडा, कुठलाही टाका.

वस्तुस्थिती : खाण्याचा सोडा अल्कलिनिटी वाढवतो आणि पीएच थोडासाच हलवतो. धुण्याचा सोडा पीएच झटकन चढवतो. पावसाने धुऊन निघालेल्या पाण्याला पहिला हवा. 45 हजार लिटरला अल्कलिनिटी 10 पीपीएमने वाढवायला साधारण 750 ग्रॅम लागतो. 20 वरून 80 वर न्यायची तर साडेचार किलो. तो दोन-तीन हप्त्यांत, पंप चालू ठेवून टाकावा आणि मध्ये पुन्हा मोजावं.

गैरसमज : बोअरचं पाणी भरलं आणि पीएच 7 आला, आता काळजी नाही.

वस्तुस्थिती : बेसाल्टच्या भेगांतून मुरत आलेल्या पाण्यात बायकार्बोनेट असतो आणि जमिनीखाली कोंडलेला कार्बन डायऑक्साइडही. उघड्यावर आल्यावर हा वायू उडून जातो आणि काहीही न टाकता पीएच चढतो. शोभेचा धबधबा किंवा कारंजं दिवसभर चालू असेल तर आणखी लवकर. म्हणून ताज्या पाण्याचा पीएच एक-दोन दिवस थांबून पुन्हा बघावा. पावसाळ्यातल्या पऱ्ह्याचं पाणी मात्र बरंचसं पावसाचंच. त्यात अल्कलिनिटी कमी असते.

गैरसमज : गढूळ झालं की तुरटी फिरवावी.

वस्तुस्थिती : तुरटी गाळ बसवते, पण अल्कलिनिटी खाऊन. प्रकारानुसार ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत अल्कलिनिटी संपवते. आपल्या तलावात 2 किलो तुरटी टाकली तर 15 ते 20 पीपीएम गेले. मुळात 12 च उरली असेल तर गाळाचे गोळे नीट धरत नाहीत, पाणी धुरकट राहतं आणि पीएच घसरतो. तेव्हा आधी खाण्याचा सोडा, मग तुरटी. रात्रभर पंप बंद ठेवावा आणि सकाळी तळाचा गाळ फिल्टरमधून न नेता थेट बाहेर काढावा.

गैरसमज : डोळे झोंबले, उग्र वास आला, म्हणजे क्लोरीन जास्त झाला.

वस्तुस्थिती : तो वास बहुधा क्लोरामाइनचा असतो. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की ते तयार होतात. अशा वेळी मोकळा क्लोरीन उलट कमीच पडलेला असतो. पीएच फार खाली किंवा वर गेला तरी डोळे चुरचुरतात. पोहण्याआधी अंघोळ सक्तीची केली तर निम्मा त्रास दारातच थांबतो.

गैरसमज : गोळी काय, पावडर काय, क्लोरीन तो क्लोरीन.

वस्तुस्थिती : ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर चुनायुक्त, म्हणून पीएच वाढवणारी. ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी वापरायची. टीसीसीए गोळी उलट आम्ल असते. ती हळूहळू पीएच आणि अल्कलिनिटी दोन्ही उतरवते. पावसाळाभर नुसत्या गोळ्यांवर तलाव ठेवला तर पाऊस आणि गोळी दोन्ही एकाच बाजूला ओढतात.

मोजायला थेंबांचं किट पुरतं. पाणी कोपरभर खोलीतून, पंपाच्या तोंडापासून लांब घ्यावं. अल्कलिनिटीच्या चाचणीत बहुतेक किटमध्ये हिरवं पाणी लाल होईपर्यंत थेंब मोजायचे. एका थेंबाला साधारण 10 पीपीएम, पण आपल्या किटचा कागद वाचावा. पीएचचा रंग क्लोरीन टाकल्या टाकल्या बघू नये, जास्त क्लोरीनमुळे तो फसवा येतो.

पीएच उतरवायला ॲसिड लागलं तर ते अल्कलिनिटीही घटवतं, हे लक्षात ठेवून थोडंथोडं वापरावं. हातमोजे, चष्मा घालून ॲसिड पाण्यात ओतावं. ॲसिडवर पाणी कधीच नाही. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू निघतो. टीसीसीए आणि क्लोरीनची पावडर एकमेकांत मिसळली तर पेटूही शकते, म्हणून दोन्हींचे डबे आणि चमचेही वेगळे हवेत. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या झडीनंतर अल्कलिनिटी मोजावी. 80 च्या खाली गेली की खाण्याचा सोडा टाकावा, आणि पीएचकडे दुसऱ्या दिवशी बघावं.