४,२९,४९,६७,२९७ : मूळ वाटते, पण आहे का?

२ चा ३२ वा घात घ्या आणि त्यात १ मिळवा. ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७ ही दहा अंकी संख्या मिळते. भल्याभल्यांना तिने चकवले आहे.

गैरसमज : २, ३, ५, ११ ने भाग जात नाही आणि अंकांची बेरीज ५९, म्हणजे तीही मूळ. मग संख्या मूळच असणार.

वस्तुस्थिती : अंकांच्या बेरजेवरून फक्त ३ आणि ९ ने भाग जातो की नाही हे कळते. बेरीज मूळ आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ६४१ × ६७,००,४१७ हा गुणाकार करून पाहा, उत्तर नेमके हीच संख्या येते.

गैरसमज : पहिली पाच उदाहरणे जुळली, की नियम पक्का.

वस्तुस्थिती : २ चे १, २, ४, ८ आणि १६ वे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला, की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ. त्यावरून फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने १६४० मध्ये या साच्यातल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असे मानले. सिद्धता मात्र त्याच्याकडे नव्हती. सहाव्याच संख्येने घात केला. १७३२ मध्ये लेओनार्ड ऑयलरने ६४१ हा तिचा विभाजक दाखवला. त्यापुढे या साच्यातली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

गैरसमज : एवढ्या मोठ्या संख्येचा विभाजक शोधायचा तर अब्जावधी भागाकार करावे लागतात.

वस्तुस्थिती : वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंत तपासले तरी पुरते. त्यातही फक्त मूळ संख्या घ्यायच्या. त्या भरतात ६,५४२. ऑयलरने तर हे काम आणखी सोपे केले. या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागले, तर बाकी १ च उरते, हे त्याने सिद्ध केले. ही अट पाळणाऱ्या मूळ संख्या क्रमाने अशा : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारालाच बाकी शून्य!

गैरसमज : या संख्यांचा इतर गणिताशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : १७९६ मध्ये गाऊसने दाखवले, की १७ बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो, आणि त्यामागे १७ चे याच साच्यातले मूळपण आहे. आपली संख्या मूळ असती, तर तितक्या बाजूंचा बहुभुजही तत्त्वतः काढता आला असता. ६४१ ने ती वाट बंद केली.

गैरसमज : संख्या मूळ नाही हे सांगायचे तर तिचा विभाजक दाखवावाच लागतो.

वस्तुस्थिती : विभाजक न शोधताही मूळपणा तपासणाऱ्या कसोट्या आहेत. २ चा १०,४८,५७६ वा घात अधिक १ ही याच घराण्यातली ३,१५,६५३ अंकी संख्या. ती मूळ नाही हे १९८७ मध्येच सिद्ध झाले. तिचा एकही खरा विभाजक मात्र अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.