भिजलेल्या धानातलं विष

दिवाळी उलटली की चंद्रपूर, गडचिरोलीच्या बांध्यांत धानाचे पुंजणे उभे राहतात आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस गाठतो. चुरणी होऊन माल आधारभूत खरेदी केंद्रावर पोचला तरी सुटका नाही. गोदाम अपुरं पडतं, भरडाई लांबते आणि ताडपत्रीखालच्या थप्प्या उघड्यावर भिजतात. बातमी येते ती किती क्विंटल धान सडलं याची. त्यातल्या बुरशीनं काय मागे ठेवलं, हे कुणी विचारत नाही.

ओलावा चौदा टक्क्यांच्या वर राहिला की साठवलेल्या धान्यात बुरशी धरू लागते. तिच्यातली अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन तयार करते. ते यकृतावर घाला घालतं, कर्करोगही घडवतं. बुरशी झटकली, तांदूळ धुतला, भात रटरटा शिजवला तरी ते पुरतं जात नाही. १९६० मध्ये इंग्लंडात ब्राझीलहून आणलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीनं लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा छडा लागला. परदेशी धान्य आता बंदरावर तपासलं जातं, त्यामागे हा धडा आहे.

पण १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात माणसं दगावली, ती घरच्याच मक्यानं. कापणीच्या वेळी पाऊस झाला, कणसं भिजली. ३९७ जण काविळीनं आजारी पडले, १०६ गेले. बहुतेक भिल्ल आदिवासी. तोच मका खाणारी कुत्रीही मेली.

टरफलामुळे धानाला मक्यापेक्षा संरक्षण जास्त, हे खरं. पण चंद्रपूर-गडचिरोलीत भात दोन्ही वेळा ताटात असतो आणि तांदळातलं विष कोंड्यात अधिक साठतं. तो कोंडा जनावरांपुढे जातो, तिथून विषाचा अंश दुधात उतरतो.

हे विष शोधण्याच्या तपासणीतली खरी अडचण यंत्राची नाही, नमुन्याची आहे. विष सगळ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं; मोजक्या दाण्यांत एकवटतं. म्हणून युरोपीय नियमांत पन्नास टनांहून मोठ्या खेपेतून शंभर ठिकाणचं धान्य काढून दहा किलोंचा नमुना करतात. तो बारीक दळायचा, थोडं पीठ मिथेनॉल-पाण्यात घुसळायचं, गाळायचं आणि त्यात तपासणीची पट्टी बुडवायची. काही मिनिटांत रेघा उमटतात. या पट्टीचा हिशेब उलटा आहे: विष जितकं जास्त, तपासणीची रेघ तितकी फिकी. शंका आली तर प्रयोगशाळेत एचपीएलसी यंत्रावर नेमका आकडा काढतात. भारतात धान्याला मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका टनात अवघे १५ मिलिग्रॅम.

खरेदीच्या काट्यावर ओलावा, काडीकचरा, खराब दाणे पाहतात. धानाला १७ टक्के ओलावा चालतो. म्हणजे घेतलेला माल पुढे वाळवलाच पाहिजे. उघड्यावर भिजलेल्या प्रत्येक थप्पीची पट्टीवर तपासणी झाल्याशिवाय ती भरडाईला जाऊ नये. आणि त्याआधी, खरेदी करणाऱ्या आदिवासी विकास महामंडळानं अन् जिल्हा प्रशासनानं केंद्रांवर पक्की छपरं उभारावीत.